लोहकणांवर तुरटीचा लेप बसत नाहीये (फ्लोराइडच्या पाण्यासाठी) – अनुभवी लोकांनी मदत करा

पळसपान | ९ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलामुलींना घेऊन एक प्रयोग चालू आहे आणि गेले सहा आठवडे आम्ही एकाच जागी अडकून पडलोय.

थोडं आधीचं सांगते. माझ्या माहेरच्या हापशाचं पाणी फ्लोराइडचं. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते, माझ्या दातांवर आजही आहेत. गावाला ते पाणी फार आवडायचं. साबणाला भरपूर फेस यायचा, डाळ पटकन शिजायची. पुढे शिकल्यावर उलगडा झाला. पाणी मऊ, म्हणजे त्यात कॅल्शियम कमी. आणि कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. ते कमी असलं की फ्लोराइड पाण्यातच राहतं. ज्या पाण्याचं कौतुक व्हायचं त्याच पाण्याने दात गेले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत.

आमचा बेत असा: चुंबकाला ओढले जाणारे अतिसूक्ष्म लोहकण (मॅग्नेटाइट) करायचे, त्यांच्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लेप द्यायचा, ते पाण्यात ढवळायचे, लेपाने फ्लोराइड धरलं की बाहेरून चुंबक लावून कण काढून घ्यायचे.

केलं ते असं. फेरिक क्लोराइड ५.४ ग्रॅम आणि मोहर्स सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) ३.९ ग्रॅम, म्हणजे फेरिकचे (तीन धनभारांच्या लोहाचे) दोन वाटे आणि फेरसचा (दोन धनभारांच्या लोहाचा) एक. १०० मिली पाण्यात विरघळवून त्यात लिकर अमोनिया २५ मिली. लगेच काळं झालं. जुन्या स्पीकरचं चुंबक लावून चार वेळा धुतलं. मग २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ८० अंशांवर तासभर. त्यानंतर तुरटी ९.५ ग्रॅम २०० मिली पाण्यात, त्यात हे कण, आणि पीएच पेपर (आम्ल-अल्कली मोजायचा कागद) ६ च्या आसपास दाखवेपर्यंत कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओतलं.

अडचणी अशा. एक तर जून संपल्यापासून कण काळे न होता विटकरी होतात, आणि चुंबकाकडे जेमतेम सरकतात. दुसरी म्हणजे लेप दिल्यावर चुंबक लावलं की काळं एका बाजूला जातं आणि वर पांढरा ढग तसाच तरंगत राहतो. तिसरी, सायट्रिकचा लेप दिलेलं द्रावण रात्री शाईसारखं छान असतं आणि सकाळी तळाशी बसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र चांगली घडली. लिटरला ५ मिलिग्रॅम फ्लोराइडचं पाणी तयार करून त्यात हे टाकलं तर फ्लोराइड मोजायच्या इलेक्ट्रोडवर वाचन ०.४ आलं. मुलं नाचायचीच बाकी होती. म्हणून वाटतं की दिशा बरोबर आहे, फक्त लेप नीट बसायला हवा.

---

वैनगंगाकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ११.०५

मॅडम, मी मॅग्नेटाइटवरच पीएचडी करते आहे, त्यामुळे विटकरी रंगाचं दुखणं ओळखीचं आहे. आधी तुमची फेरिक क्लोराइडची बाटली उघडून पाहा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे बाटलीच्या तळाशी त्याचा चिखल होतो, वरून मात्र खडे दिसतात. तो चिखल ५.४ ग्रॅम तोलला तर त्यात पाणीच जास्त, म्हणजे लोह कमी. दोनास एक हे प्रमाण तिथेच गेलं.

मोहर्स सॉल्टही पाहा. ताज्याचा रंग फिकट निळसर हिरवा असतो. कडेने पिवळट-तपकिरी झालं असेल तर त्यातलं फेरस फेरिक होऊन बसलंय. हिराकशीपेक्षा (फेरस सल्फेटपेक्षा) मोहर्स सॉल्ट टिकतं, म्हणून तुमची निवड चांगली आहे, पण तेही कायमचं टिकत नाही.

पाण्याचं काय करता? डिस्टिल्ड पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून, झाकून गार करायचं. विरघळलेली हवा गेली की फेरस वाचतं. नायट्रोजनचा सिलिंडर असेल तर उत्तम, नसला तरी उकळलेल्या पाण्यावर काम भागतं, मी एमएस्सीला असंच केलंय.

ढवळायला मॅग्नेटिक स्टिरर वापरत असाल तर आजच बंद करा. आतली गोळी स्वतःच चुंबक असते, सगळे कण तिच्या अंगाला चिकटून बसतात. वरून फिरणारी काचेची किंवा प्लास्टिकची काडी हवी.

आणि एक कळकळीची विनंती: लेप देण्याआधी कण वाळवू नका. ओव्हनमध्ये वाळवले की त्यांची ढेकळं होतात आणि ती पुन्हा सुटी होत नाहीत, कितीही कुटा.

तुम्ही वापरलेल्या या पद्धतीचा पाया फ्रान्सच्या रेने मासार यांनी १९८१ मध्ये घातला. त्यांनी तर लेपाशिवाय, नुसत्या कणांवरच्या विद्युतभारावर द्रावण स्थिर ठेवून दाखवलं होतं. बाकी सविस्तर उद्या लिहिते.

---

पळसपान | १० ऑगस्ट, सकाळी ७.३०

आत्ता लॅबमध्ये येऊन पाहिलं. बाटलीच्या तळाशी खरंच तपकिरी काकवी झालीय! मार्चमध्ये फोडलेली बाटली, बूच नीट बसत नव्हतं. मोहर्स सॉल्ट मात्र हिरवंच आहे. उन्हाळ्यात हा चिखल नव्हता, म्हणूनच तेव्हा कण काळे येत होते.

ढवळण्यासाठी आम्ही ताकाची रवी वापरतो. एका विद्यार्थ्याच्या आजीची जुनी लाकडी रवी आहे, तिला लहान मोटर जोडलीय. लाइट गेली की मुलं हाताने फिरवतात.

---

गाविलगडचा वारा | १० ऑगस्ट, दुपारी १.२०

ताई, मी मेळघाटाच्या पायथ्याशी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, रसायनशास्त्र बारावीपर्यंतच झालंय. मनापासून विचारतो. इतके बारीक कण करायचेच कशाला? आणि लोहाचे कण केलेच, तर वर पुन्हा लेप कशासाठी? नुसती तुरटी पाण्यात फिरवली तर फ्लोराइड जाणार नाही का?

---

जुनी बीकर | १० ऑगस्ट, रात्री ९.४०

गुरुजी, प्रश्न अगदी मुळाचा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. मी नागपुरात पाणी तपासण्याच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे.

तुरटीने फ्लोराइड जातं. आपल्या नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांची जी पद्धत बसवली तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, तेव्हाच्या आंध्रातल्या त्या जिल्ह्याच्या नावावरून. ती चालते, पण तुरटी बरीच लागते, गाळ खूप होतो, तो बसेपर्यंत थांबावं लागतं, आणि प्रमाण चुकलं तर ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. तोच ॲल्युमिनियमचा थर चुंबकी कणावर बसवला तर गाळ बसायची वाट पाहायला नको, चुंबक लावलं की सगळं बाजूला.

आता बारीक कशाला. हिशेब करून पाहा. मॅग्नेटाइटची घनता ५.१८. कण १० नॅनोमीटरचे असतील तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ११५ चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीला साडेबाराशे चौरस फुटांच्या घराएवढी जमीन. फ्लोराइड चिकटतं ते अंगावर, आत नाही. जितकं अंग जास्त तितकी जागा जास्त.

आणि लेप का? लोहाच्या ऑक्साइडला फ्लोराइडची ओढ आहे, पण कमी. ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडला ती खूप जास्त. आत चुंबक, बाहेर फ्लोराइड धरणारं कातडं, अशी जोडी.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. तुमच्या तिसऱ्या अडचणीचं उत्तर एका प्रश्नात आहे: शेवटचं धुणं कोणत्या पाण्याने केलं? सायट्रिक ॲसिडच्या रेणूला तीन आम्ल-हात असतात. एक-दोन हात लोहाला धरतात, उरलेला पाण्यात ऋणभार घेऊन उभा राहतो. सगळ्या कणांवर ऋणभार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि द्रावण शाईसारखं राहतं. त्यात बोअरचं जड पाणी पडलं की कॅल्शियम दोन कणांचे हात एकमेकांत अडकवतो आणि सगळं तळाशी. बाटलीभर डिस्टिल्ड पाण्याने उपसलेली मेहनत एक तांब्या नळाच्या पाण्याने जाते.

पण माझी खरी काळजी तुमच्या ०.४ ची आहे. टिसॅब (इलेक्ट्रोडने फ्लोराइड मोजण्याआधी नमुन्यात मिसळायचं द्रावण) घातलं होतं का?

---

पळसपान | १० ऑगस्ट, रात्री १०.०५

काका, शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने झालंय. डिस्टिलेशनचा संच दिवसाला दोनच लिटर देतो, म्हणून मुलांनी वाचवलं असणार. त्यांचा दोष नाही, मीच सांगितलं नव्हतं.

टिसॅब नाही घातलं. संपलं होतं. प्रमाणित द्रावणंसुद्धा त्याशिवायच वाचली होती, म्हणून वाटलं की दोन्हीकडे सारखंच आहे.

---

जुनी बीकर | १० ऑगस्ट, रात्री १०.५०

सारखं नाही, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगतो, कारण पुढे यावर कोणाचं तरी पिणं अवलंबून असेल.

फ्लोराइडचा इलेक्ट्रोड फक्त मोकळं फ्लोराइड मोजतो. पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम असलं की ते फ्लोराइडला मिठी मारून बसतं. ते फ्लोराइड पाण्यातच आहे, पोटातही जाईल, पण इलेक्ट्रोडला दिसत नाही. तुमच्या प्रमाणित द्रावणात ॲल्युमिनियम नव्हतं, म्हणून ती बरोबर वाचली. नमुन्यात मात्र ते असणारच: पीएच तुम्ही कागदाने ६ म्हणता, प्रत्यक्षात साडेपाच असू शकतो, आणि वर सायट्रेट जास्त आहे. सायट्रेट ॲल्युमिनियमला धरून द्रावणात ठेवतं. म्हणजे तुमच्या लेपातला बराच माल कणावर बसलाच नाही, पाण्यात फिरतोय, आणि फ्लोराइड झाकतोय.

टिसॅबमध्ये असणारं सीडीटीए ॲल्युमिनियमला स्वतःकडे ओढतं आणि फ्लोराइड मोकळं करतं. नमुना आणि टिसॅब समसमान घालून पुन्हा वाचा. वाचन वर जाईल. किती, ते पाहू.

नोकरीत असताना एका संस्थेचा अहवाल माझ्या टेबलावर आला होता, ९० टक्के फ्लोराइड काढल्याचा. टिसॅब घालून आम्ही तेच पाणी मोजलं आणि अर्धंही गेलेलं नव्हतं. त्या लोकांनी लबाडी केली नव्हती, त्यांना माहीतच नव्हतं. म्हणून इतकं तळमळून लिहिलं.

---

पळसपान | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

जवळच्या शहरातल्या एका मैत्रिणीच्या लॅबमधून टिसॅब आणलं. तेच पाणी, तोच इलेक्ट्रोड. ०.४ नाही, ३.३.

मुलांना सांगताना जड गेलं. वर्गात कोणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बरं झालं, आपण हे पाणी कुणाला दिलं नाही." तिच्याही गावाला तोच हापसा आहे.

---

संत्राबागवाला | १२ ऑगस्ट, रात्री ८.१५

ताई, वरूडकडून लिहितो. तुमचं सारं वाचलं. आमच्या इकडे संत्र्यावर बोर्डो (बुरशीचं औषध) मारतात तं त्याच्यातबी हेच होते, म्हणून सांगतो.

एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही येगयेगळं प्लास्टिकच्या ड्रमात भिजवाव लागते, लोखंडाच्या टाकीत नाही. चुन्याची निवळी फडक्यानं गाळून घ्याची. मंग एका हातानं मोरचुदाची धार बारीक सोडाची अन् दुसऱ्या हातानं ढवळत राहाव. दोन्ही पाणी गार पाहिजे. चुना उमलला की गरम असते, तसाच ओतला तं दाणा जाड पडते, फवाऱ्याचं नोझल चोंदते अन् पानावर बसतबी नाही. गार पाण्यात हळू केलं तं आभाळासारखा निळा रंग येते अन् तास दोन तास खाली बसत नाही.

घाईघाईत एकदम ओतलं, तं निळं येगळं अन् पांढरं येगळं दिसते. तुमच्या पांढऱ्या ढगाचं वाचलं तं मले तेच आठवलं. तुमीबी सोडा एकदम ओतला असन.

आमचे बाबा त्याच्यात थोडा गूळ टाकत. गुळानं मिश्रण लवकर फाटत नाही. अन् झालं की चकचकीत विळा बुडवून पाहाचा, त्याच्यावर तांबूस चढलं तं चुना कमी हाय, पान जळन. त्याच दिवशी मारून संपवाव, उद्यावर ठेवू नये.

---

जुनी बीकर | १२ ऑगस्ट, रात्री ९.३०

भाऊ, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या लॅबच्या वहीत असायला हवं. तुमचं बोर्डो हे तांब्याच्या संयुगाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवण्याचंच काम आहे. १८८५ मध्ये बोर्दोच्या द्राक्षमळ्यांसाठी मिलार्दे यांनी ते मांडलं, आणि आजही त्याची सगळी कला ओतण्याच्या क्रमात आणि वेगात आहे. गुळाचंही तेच: गोडवा कणांना लवकर मोठं होऊ देत नाही. ताईंचं सायट्रिक ॲसिड हे त्या गुळाच्याच नात्यातलं काम करतं.

ताई, बागवालेभाऊंचं निदान बरोबर आहे. सोडा एकदम पडला की जिथे पडला तिथे पीएच झपाट्याने चढतो, आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे स्वतःचेच नवे दाणे तयार होतात. तोच तुमचा पांढरा ढग. हळू पडला तर नवा दाणा जन्मायला जोर पुरत नाही. आयतं अंग दिसलं की त्यावर बसणं त्याला सोपं जातं.

किती हळू, त्याचा हिशेब. ९.५ ग्रॅम तुरटीत ०.०२ मोल ॲल्युमिनियम. त्याला ०.०६ मोल कॉस्टिक लागेल, म्हणजे अर्धा मोलर द्रावणाचे १२० मिली. ते दोन तासांत सोडा: मिनिटाला १ मिली. ब्युरेटपाशी दोन तास बसणं कठीण. औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा, कोरा सेट आणा. मोठ्यांसाठीच्या नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा १ मिली होतो (पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या). चाकी फिरवून मिनिटाला २० थेंब लावा, म्हणजे तीन सेकंदांना एक. दवाखान्यात पेशंटजवळ बसतात तसं एकाने थेंब मोजत बसायचं.

किती जाड लेप होईल? तुमचं मॅग्नेटाइट सव्वादोन-अडीच ग्रॅम, त्याचं अंग २६५ चौरस मीटरच्या आसपास. सगळे कण सुटे राहिले आणि सगळं ॲल्युमिनियम त्यांच्यावरच बसलं, तर थर जेमतेम अडीच नॅनोमीटरचा. प्रत्यक्षात कण घोळक्याने असतात, त्यामुळे घोळक्याभोवती थोडा जाड बसेल.

थांबायचं कुठे? पीएच ६.५ ते ७. कागद नको, मीटर घ्या. ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड दोन्हीकडून विरघळतं, आम्लातही आणि ९ च्या वर अल्कलीतही. मधल्या पट्ट्यातच ते जागेवर राहतं.

---

वैनगंगाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री १०.२०

काका, एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. सायट्रेट पूर्ण काढायला नको. उघड्या मॅग्नेटाइटवर पीएच ६.५-७ च्या खाली धनभार असतो आणि तुरटीच्या आम्ल द्रावणात ॲल्युमिनियमही धन. एकमेकांना लांब ढकलणार. सायट्रेटने कण ऋण केले तर ॲल्युमिनियम आपणहून जवळ येतं. माझे सिलिकाच्या लेपाचे प्रयोग सायट्रेटनंतर कितीतरी चांगले जमले.

---

जुनी बीकर | १२ ऑगस्ट, रात्री १०.४५

मान्य, पण तुझा आणि ताईंचा हेतू वेगळा आहे. तुला कण सुटे आणि तरंगते हवेत. १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्हन पापेल यांनी रॉकेलसारख्या द्रवात ओलिक ॲसिडच्या लेपाने मॅग्नेटाइट तरंगत ठेवलं, कारण वजनरहित जागेत इंधन चुंबकाने ओढायचं होतं. तिथे एक कणही खाली बसून चालणार नव्हतं, चुंबक लावलं की अख्खा द्रव सरकायला हवा. ताईंना नेमकं उलटं हवंय: चुंबक लावलं की कण बाजूला, पाणी जागेवर. फार सुंदर तरंगणारे कण स्पीकरच्या चुंबकाला दाद देणार नाहीत आणि पाण्याबरोबर पेल्यात जातील. म्हणून इथे थोडा घोळका चांगला.

मधला मार्ग: सायट्रिक २ ग्रॅमऐवजी अगदी थोडं, पाव ग्रॅम, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने नीट धुवून सुटं सायट्रेट काढून टाकायचं. जे अंगाला चिकटलंय ते राहू दे.

---

वैनगंगाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ११.००

हे पटलं. मी फक्त द्रावण स्थिर कसं राहील एवढाच विचार करत होते.

मॅडम, आणखी एक वाट आहे. सोड्याऐवजी युरिया. ९० अंशांवर युरिया हळूहळू फुटून अमोनिया सोडतो, अख्ख्या बीकरभर एकसारखा, त्यामुळे कुठेच एकदम पीएच चढत नाही. फक्त लॅबचा युरिया घ्या. घरी पोतं असेल, पण २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, ते तेल कणांवर चढेल.

आणि लिकर अमोनियाची बाटली मार्च ते जून उघडण्याआधी गार पाण्यात ठेवा. आपल्याकडच्या उन्हात आत दाब साठतो, बूच काढताच तोंडावर वाफ येते. माझ्या डोळ्यांना त्याचा त्रास झालाय, म्हणून सांगते. चष्मा आणि खिडकी, दोन्ही हवंच.

---

गाविलगडचा वारा | १३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आता नीट कळलं, आभार. आमच्या ओळखीतल्या एका गावातही दातांचा त्रास आहे. हे घरच्या घरी करून माठात टाकता येईल का?

---

जुनी बीकर | १३ ऑगस्ट, सकाळी ८.१०

नको, गुरुजी. निदान आत्ता नको. पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावं असं मानक सांगतं, दुसरी सोय नसेल तर ०.२. लेप कच्चा असेल तर ते सहज ओलांडलं जातं. शिवाय पाण्यात सुटलेले कण किती, हेही मोजलेलं नाही. त्या गावाचं पाणी आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि जवळपास उथळ विहिरीचं पाणी असेल तर तेही द्या. बऱ्याचदा खोल बोअरमध्ये फ्लोराइड असतं आणि शेजारच्या विहिरीत कमी असतं. फक्त उथळ पाण्यात जंतूंची भीती जास्त, तेव्हा ती तपासणीही सांगा. पोरांच्या पेल्यात आज फरक पडायचा असेल तर तो यानेच पडेल.

---

पळसपान | २६ ऑगस्ट, रात्री ९.००

सुट्टीचे दिवस धरून पुन्हा पहिल्यापासून केलं. सविस्तर लिहिते.

फेरिक क्लोराइडची नवी बाटली, बुचावर पॅराफिन. पाणी पंधरा मिनिटं उकळून, ताटली झाकून गार केलं. अमोनिया पडताच काळं, खरंखुरं काळं, भिजलेल्या काळ्या मातीसारखं. धुणं फक्त डिस्टिल्ड पाण्याने. मुलांनी संच रात्री आळीपाळीने चालवून आठ दिवसांत बारा लिटर जमवलं. सायट्रिक पाव ग्रॅम, मग तीन धुणी.

सलाइनचा सेट स्टँडला टांगला. थेंब मोजायला ज्या मुलीचं मी वर लिहिलं होतं ती बसली, समोर मोबाइलवर सेकंद लावून. पाऊण तासाने लाइट गेली. रवी थांबली तशी दुसऱ्याने दोरी हातात घेतली आणि सव्वा तास एकाच लयीत फिरवली. एकदाही थेंब चुकला नाही. पीएच ६.८ वर थांबलो.

मग चुंबक लावलं. पहिले काही सेकंद काहीच हललं नाही, माझा श्वास अडकला. नंतर बीकरच्या भिंतीवर चुंबकाच्या गोल आकाराची तपकिरी-काळी साय चढत गेली, आणि तीन-चार मिनिटांत वरचं पाणी इतकं निवळलं की पलीकडच्या वहीतली अक्षरं वाचता आली. पांढरा ढग नाही. लेझरचा ठिपका सोडला तर पाण्यात अगदी फिकट रेघ दिसते, म्हणजे थोडे कण अजून सुटे आहेत.

सोडियम फ्लोराइड २२१ मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचं मूळ द्रावण. त्यातून ५ चं केलं. लिटरला अंदाजे २ ग्रॅम कण, तासभर ढवळणं. टिसॅब घालून, तीनदा: १.३, १.४, १.३.

टिसॅबशिवायही मुद्दाम वाचलं. १.२ आलं. दोन्ही वाचनं इतकी जवळ आली याचा मला १.३ पेक्षा जास्त आनंद झाला.

---

संत्राबागवाला | २६ ऑगस्ट, रात्री ९.२०

वा ताई! त्या पोट्ट्याइले माझ्याकडून शाबासकी द्या. मृगाचा बार आला की बागेत या सारे जण.

---

जुनी बीकर | २६ ऑगस्ट, रात्री १०.१०

दोन वाचनांमधला फरक कमी झाला म्हणजे पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम कमी आहे. लेप कणावर आहे. आनंद झाला, मनापासून.

आता पुढचं. तुमचं ५ चं पाणी डिस्टिल्डमध्ये केलेलं आहे. गावच्या फ्लोराइडच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि पीएच बहुधा ८ च्या वर. हायड्रॉक्साइड आणि बायकार्बोनेट दोघंही त्याच जागेसाठी फ्लोराइडशी भांडतील, म्हणून तिथे आकडा इतका खाली येणार नाही. घाबरू नका, पण मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि वापरलेले कण मोरीत किंवा विहिरीजवळ टाकू नका, बरणीत जमवा.

---

पळसपान | २६ ऑगस्ट, रात्री १०.३५

सांगते. बरणीवर आजच चिठ्ठी लावली. रविवारी माहेरी जाणार आहे, ती मुलगीही सोबत येते आहे. दोन लिटरच्या चार बाटल्या घासून, डिस्टिल्ड पाण्याने विसळून उलट्या घातल्यात. हापसा आधी पाच-दहा मिनिटं मारून, पाइपातलं साठलेलं पाणी जाऊ देऊन मगच भरायचं ना, काका?

---

जुनी बीकर | २६ ऑगस्ट, रात्री १०.४०

हो. आणि बाटल्या काचेच्या असतील तर त्या ठेवून प्लास्टिकच्या घ्या. फ्लोराइडच्या नमुन्याला काच चालत नाही. पाणी तोंडापर्यंत भरा, तारीख आणि वेळ हापशापाशीच लिहा, आणि पीएच तिथेच घ्या.